साडेअकरावा दिवस

बसवंतरावांना त्यांच्याच रानात मातीत बसवलं त्याला महिना व्हायचा होता, आणि त्यांच्या लेकीला, शिवम्माला, सातव्याच महिन्यात मुलगा झाला. मूल एवढंसं, की नागूआत्यानं ते पिंजलेल्या कापसात गुंडाळल्यावर आत काही आहे असं वाटेना. सोनपेठहून व्यंकटराव वैद्य आले. नाडी पाहायला त्यांनी बोट ठेवलं तर बोटाखाली सगळं मनगटच झाकून गेलं.

"पंधरा दिवस याला उंबऱ्याबाहेर काढू नका," ते म्हणाले. "वैशाखाचं ऊन आणि गाडीचे हिसके, दोन्ही या जिवाला सोसायचे नाहीत. पंधरा दिवस निघाले तर पुढं सत्तर वर्षं निघतील."

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, तेराशे एकोणपन्नास फसलीतली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चाळीसची. बसवंतरावांचा थोरला मुलगा शिवरुद्र त्याच साली हैदराबादेहून जामिया उस्मानियाची बी.एस्सी. घेऊन घरी आला होता. परभणीच्या शाळेत मास्तराची जागा मिळायची होती, हुकमाची वाट पाहणं चालू होतं. आठव्या वर्षापासून तो बोर्डिंगात राहिलेला. सुट्टी लागायची उन्हाळ्यात, आणि तोवर खळी आटोपलेली असायची. त्यामुळं घरचीच ज्वारी असून तिची रास होताना त्यानं एकदाही पाहिली नव्हती. एरवी तो फार नेमका माणूस. दूध किती तापवलं हे विचारलं तर "उकळायच्या थोडं आधी उतरवलं" असं सांगणारा.

घर गावापासून तुटक, मळ्यात. समोर अंगण, अंगणापुढं वखरून मोकळी पडलेली काळी जमीन, आणि तिच्या पार टोकाला, लिंबाखाली, बसवंतरावांची समाधी. लिंगायतांच्या रीतीनं त्यांना मांडी घालून, मीठ आणि भस्मात बसवलं होतं. तोंड घराकडं.

बाळ चार दिवसांचं झालं त्या सकाळी शिवरुद्र लवकर उठला, तर अंगणाच्या कडेला अव्वा आणि सालगडी सटवाजी हळू आवाजात बोलत उभे. तो आल्यावर दोघं गप्प झाले.

"काय झालं?"

"काय न्हाई," अव्वा, म्हणजे त्याची आई शांतम्मा, म्हणाली. पण तिची नजर रानावरून हटेना.

शिवरुद्र पुढं गेला. मोकळ्या मातीत एक ठसा होता. पुढं दोन गुडघ्यांचे दोन खळगे, मधे पोटऱ्यांची फुली, मागं बैठकीची रुंद खोल जागा. कोणी भरल्या अंगाचा माणूस मांडी घालून बसावा आणि उठून जावा, तसा. गुडघे घराकडं. त्याच्या मागं, समाधीच्या बाजूला, तसाच दुसरा. त्याच्याही मागं तिसरा. सगळ्यात मागचा थेट समाधीपाशी. चारही एका रेषेत, आणि या ठशापासून त्या ठशापर्यंत मातीवर चिमणीचंसुद्धा पाऊल नव्हतं.

"पयला बाळ जन्मलं त्या सकाळचा हाय," सटवाजी म्हणाला. "रोज एक व्हायलाय. म्या काल कोंबडा आरवस्तोर बसलो हुतो इथं. तवर काय न्हाई. तंबाखू मळायला मान खाली घातली, वर बघतोय तर झालेला."

"मला का नाही सांगितलं?"

"तुमी शिकलेलं मालक. हसला असता."

शिवरुद्रला हसू आलं नाही. त्यानं जंगमस्वामींना बोलावून समाधी दाखवली. तिला चीर नव्हती. कोणाची खोडी असेल म्हणून त्यानं त्या दिवशी पुढच्या मातीवर चाळलेली राख पसरली. दुसऱ्या सकाळी राखेत पाचवा ठसा होता, आणि भोवतीची राख जशीच्या तशी, कोऱ्या कागदासारखी.

पण तो दुसरा दिवस. त्याआधी, त्या चौथ्या दिवशीच, घरात वाद पेटला होता. नागूआत्या, म्हणजे बसवंतरावांची बहीण नागुबाई, बाळंतपणासाठी परभणीहून आलेली. तिनं कमरेला पदर खोचला.

"माझा भाऊ नातू बघायला निघालाय, दुसरं काय न्हाई."

"बघू दे की मग," अव्वा म्हणाली.

"बघायला कोण न्हाई म्हणायलंय वहिनी? बाहेरून वळला तर बघून गेला म्हणायचं, नमस्कार करायचा. पण गेलेलं माणूस उंबरा वलांडून आत आलं, तर रिकाम्या हातानं जात न्हाई. घरातलं एक घेऊनच वळतं. गाडी जुंपा. मी नेते दोघांला परभणीला."

बाजेवरून शिवम्मा म्हणाली, "वैद्य काय म्हणले ऐकलंस ना आत्या? गाडीत घातलं तर गोदागंगा उतरेपर्यंत तरी जगंल का हे?"

"आन् हितं ठेवून जगंल?"

मग सगळ्यांच्या नजरा एकदम शिवरुद्रकडं वळल्या. घरात आता तोच कर्ता पुरुष. ठेवावं की न्यावं, एवढाच प्रश्न होता, आणि दोन्ही बाजूंना तेच कापसातलं मूल होतं.

शिवरुद्र ओट्यावर येऊन त्या चार ठशांकडं बघत राहिला. बघता बघता त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. ठशांमधलं अंतर सारखं नव्हतं. पहिल्यापासून दुसरा जेवढा दूर, त्याहून दुसऱ्यापासून तिसरा जवळ, त्याहूनही चौथा जवळ. जे येत होतं त्याची चाल रोज कमी पडत होती.

"सटवाजी, हे हळू होत चाललंय," तो म्हणाला. "म्हणजे कुठंतरी थांबणार आणि वळणार. वर फेकलेला दगड कसा हळू होत होत एका जागी थांबतो आणि मागं फिरतो? ती जागा आधीच काढता येते."

"कशी काय?"

शिवरुद्रचं सगळं गणित उर्दूतून झालेलं. दो-दर्जी मसावात, म्हणजे वर्गसमीकरण, तिची ती कमानीसारखी रेषा, आणि कमान जिथं वळते ते टोक, या सगळ्यांची त्याला येत असलेली नावं उर्दूच. टोकाला पुस्तकात शब्द होता, रास.

"आपल्याला याची रास काढायचीय. रास कुठं पडते ते कळलं की सगळा निकाल लागला. उंबऱ्याच्या बाहेर पडली तर भ्यायचं कारण नाही."

सटवाजीनं डोळे बारीक केले. "रास? मालक, रास म्हणला?"

"रास."

आतून नागूआत्या म्हणाली, "एवढी वर्षं हैदराबादेत ऱ्हाऊन रास काढायला शिकलास व्हय रे? ती तर आमचा सटवाजी दरसाल काढतोय."

सटवाजी मात्र हसला नाही. त्यानं वावर मोजायची पाच हाताची काठी आणली. रानाच्या कडेला वहाणा काढल्या, मातीला हात लावून तो कपाळाला लावला आणि तोंड मिटून घेतलं. शिवरुद्रला वाटलं, थोरल्या मालकांचा मान राखतोय.

मोजायला शिवरुद्र स्वतः गेला नाही. मोजणारा आणि लिहिणारा वेगळा असावा, असं प्रयोगशाळेत शिकवलेलं त्याला आठवलं, आणि वही घेऊन तो ओट्यावरच बसला. सटवाजी समाधीपाशी गेला. पहिल्या ठशाला काठी लावून तो मोठ्यानं ओरडला, "लाभ!" आणि मग मुकाट्यानं, नुसते ओठ हलवत, काठीमागून काठी टाकत उंबऱ्यापर्यंत आला.

"पंचावन्न," तो म्हणाला.

दुसरा ठसा. "लाभ!" दुरून पुन्हा तीच आरोळी, पुन्हा ती शांतता. "पंचेचाळीस." तिसरा छत्तीस. चौथा अठ्ठावीस.

शिवरुद्रनं पेन्सिल थांबवली. "सटवाजी, तो पहिला लाभ असतो, तो मोजणीत धरतोस का?"

"लाभाला कोण आकडा लावतंय मालक?" सटवाजी म्हणाला. "लाभ म्हंजे लाभ."

म्हणजे पहिली काठी आकड्यात येतच नाही. बरं झालं विचारलं, असं शिवरुद्रच्या मनात आलं. त्यानं चारही आकड्यांत एकेक मिळवला आणि वहीत लिहिलं: छप्पन्न, शेहेचाळीस, सदतीस, एकोणतीस. खाली वजाबाक्या मांडल्या. दहा, नऊ, आठ. रोज बरोबर एका काठीनं चाल कमी.

"उद्या बावीस काठ्यांवर असेल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी राखेतल्या ठशापासून सटवाजी काठी टाकत आला आणि म्हणाला, "एकवीस." अधिक एक, बावीस. त्याच्या दुसऱ्या दिवशी सोळा. सातव्या दिवशी अकरा. आजवर उत्तर जुळलं की शिवरुद्रला बरं वाटायचं. आता जुळलं की तो वही लगेच मिटून ठेवायचा. मातीत बसवलेला आपला बाप आपल्या वहीत मांडलेल्या नियमानं चालतोय, ही गोष्ट ठशांहूनही भेसूर होती. नियम त्याला आधीपासून ठाऊक असावा, आणि वहीत तो उतरून घ्यायचं काम तेवढं आपल्याकडं आलं असावं, असं त्याला वाटे.

सातव्या दिवशी दुपारी त्यानं सगळ्यांना बसवून मांडणी सांगितली. उंबऱ्यापासूनचं अंतर म्हणजे दिवसांच्या वर्गाचं निम्मं, त्यातून दिवसांची साडेअकरापट वजा, आणि वर सदुसष्ट. रास काढायची रीत सोपी: वजा झालेली ती साडेअकरापट घ्यायची आणि वर्गाला लागलेल्या निम्म्याच्या दुपटीनं भागायची. निम्म्याची दुप्पट म्हणजे एक. तेव्हा रास साडेअकराव्या दिवशी.

"साडेअकरावा दिवस कुठं असतोय रे?" नागूआत्यानं विचारलं.

"ठसा उगवतीला उमटतो. अकरावा ठसा अकराव्या दिवशी सूर्य उगवताना, बारावा बाराव्याला. दोघांच्या बरोबर मधे..." शिवरुद्र थांबला. हे त्यालाही बोलता बोलताच उमगलं. "अकराव्या दिवशी दिवे लावायच्या वेळेला."

नागूआत्यानं शिवम्माकडं पाहिलं. तिन्हीसांजेला लेकरू दारात आणू नये, हे कोणाला सांगायला लागत नाही.

"आणि त्या वेळी अंतर किती, तेही निघतं," शिवरुद्र घाईनं म्हणाला. "सात अष्टमांश काठी. उंबऱ्याच्या बाहेर चार हात नऊ बोटं. आपला पाण्याचा रांजण आहे ना, तिथं. रांजणापर्यंत येईल आणि वळेल. आत येत नाही."

"नक्की?" शिवम्मानं विचारलं. तिचा एक हात कापसावर होता.

"रोज जुळतंय शिवम्मा. गाडी नको."

"लिहून दे," नागूआत्या म्हणाली. पण तिनं बांधलेलं बोचकं सोडलं.

आठवा दिवस तसाच जुळला. नवव्या दिवशी बाळ दूध ओढेना. शिवरुद्र पहाटेच घोड्यावर सोनपेठला गेला, वैद्यांकडून चाटण घेऊन परतला तोवर दुपार झालेली आणि वाऱ्यानं ठसा बुजत आलेला. "आज तीन," सटवाजीनं सांगितलं. शिवरुद्रनं अंगणाकडं न बघताच वहीत चार लिहिलं आणि आत गेला.

दहाव्या दिवशी उजाडताना तो ओट्यावर आला, आणि वही हातात तशीच राहिली. त्याच्या हिशोबानं आज दोन काठ्या, म्हणजे दहा हात अंतर हवं होतं. ठसा रांजणाच्या शेजारी होता. सारवून घट्ट झालेल्या अंगणात, जिथं बैलाचा खूरही रुतत नाही तिथं, तो चार बोटं खोल उमटला होता.

सटवाजीनं वहाणा काढल्या. काठीचं एक टोक ठशाला लावलं, दुसरं खाली टेकवलं. ते उंबऱ्यावर टक्कन् वाजलं.

"लाभ," तो म्हणाला, आणि काठी उचलून उभा राहिला.

शिवरुद्र वाट बघत होता. "पुढं?"

"पुढं काय? उंबरा आला की."

"नाही, लाभ झाला. मग एक?"

"एक कुठनं आला मालक?" सटवाजी म्हणाला. "खळ्यावर रास मापताना एक म्हणत न्हाईत. पयल्या मापाला लाभ म्हणायचं. मग दोन, मग तीन."

"लाभाच्या नंतर एकदम दोन?"

"एकाच्या जागीच तर लाभ असतोय. तुमी रास म्हणला म्हणून तसं मोजलं. नुसतं वावर मोजायचं असतं तर एकापासनं मोजलं असतं."

शिवरुद्र ओट्यावर खाली बसला. लाभाला आकडा लावत नाहीत म्हणजे त्याला एक म्हणत नाहीत, एवढंच. मोजायचा राहत नाही. सटवाजीचा प्रत्येक आकडा पहिल्यापासून बरोबर होता, आणि आपण त्यात रोज इमानानं एक चूक मिळवत आलो. एकदा, फक्त एकदा जरी त्याच्याबरोबर पहिल्या काठीपासून चाललो असतो, तर त्याच्या ओठांवर दोन दिसला असता. चाललो नाही, कारण त्या खळग्यांजवळ जायची छाती नव्हती. प्रयोगशाळेचं नाव उगीच घेतलं.

त्यानं वही उघडली. सदुसष्टच्या जागी सहासष्ट. बाकी काही बदलत नव्हतं. साडेअकरावा दिवस तोच, तिन्हीसांज तीच. फक्त सात अष्टमांशातून एक गेला, आणि खाली उणे एक अष्टमांश उरला. उणे म्हणजे उंबऱ्याच्या आत. पाच हाताच्या काठीचा आठवा भाग, पंधरा बोटं.

रास घरात पडत होती.

तो आत गेला आणि त्यानं सगळं सांगितलं. आपण का चुकलो तेही सांगितलं, मोजायला का गेलो नाही तेही. नागूआत्यानं ऐकून घेतलं आणि सोडलेलं बोचकं पुन्हा बांधायला घेतलं. तिनं त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता गाडी जुंपली तर?" अव्वानं विचारलं.

शिवम्मानं मान हलवली. दोन दिवसांत बाळाच्या पोटात चाटणाशिवाय काही गेलं नव्हतं. त्याचा श्वास मोजायला कान अगदी जवळ न्यावा लागत होता. "आता हिसका न्हाई, नुसतं उचलून बाहेर नेलं तरी जाईल ते," ती म्हणाली. "तू सांगितलंस म्हणून थांबले अण्णा."

त्यात राग नव्हता. जे झालं ते तिनं सांगितलं.

सटवाजी दारातून म्हणाला, "मालक, उंबरा काढून एक हात आत बसवू का? म्हंजे ते बाहेरच ऱ्हाईल."

"उंबरा हलवून रास हलत नाही रे. ती जिथं आहे तिथंच येणार."

अकराव्या दिवशी उगवतीला ठसा उंबऱ्याला टेकून होता. गुडघ्यांचे खळगे थेट लाकडाला भिडलेले. सटवाजीनं काठी आणलीच नाही.

अव्वानं भस्माच्या गाठोडीतून चिमूटभर भस्म घेऊन सगळ्यांच्या कपाळांना लावलं. दुपारनंतर पाळणा मागच्या भिंतीला नेला. ऊन उतरू लागलं तसा शिवरुद्र उठला. त्यानं काठी घेतली, तिचा आठवा भाग सुतानं काढला, आणि उंबऱ्याच्या आत पंधरा बोटांवर खडूनं रेघ ओढली. या अकरा दिवसांत त्यानं स्वतःच्या हातानं घेतलेलं हे पहिलं माप.

"काय करायलास रुद्रा?" अव्वानं विचारलं.

"एका जागी एका वेळी दोन वस्तू राहू शकत नाहीत," तो म्हणाला. "एवढं पक्कं आहे. जागा मोकळी ठेवायची नाही."

आणि त्या रेघेवर, दाराकडं तोंड करून, तो मांडी घालून बसला.

समोर अंगण, त्यापलीकडं काळं रान, लिंबाखाली समाधी. सूर्य लिंबाच्या बुडख्यापर्यंत आला, मग खाली गेला. कोणी आलं नाही. सावली हलली नाही, कडी वाजली नाही. एवढंच झालं, की त्याच्या खालची सारवलेली जमीन हळूहळू गार पडत गेली आणि भुसभुशीत लागायला लागली, नुकत्याच उकरलेल्या मातीसारखी. नाकाला मिठाचा आणि भस्माचा वास आला. अव्वानं मागं दिवा लावला होता; त्याच्या उजेडात शिवरुद्रनं आपले गुडघे पाहिले आणि क्षणभर त्याला ते ओळखू येईनात. ते आपले म्हणून हलवून पाहावेत असं वाटलं, पण कोणते हलवायचे हेच कळेना. छातीत श्वास होता, तो आत चालला होता की बाहेर, तेही सांगता येत नव्हतं. सगळं एका टोकाशी येऊन, न येता न जाता, थांबलं होतं.

मग मागं बाळ रडलं. मांजराच्या पिल्लासारखं नव्हे, चांगलं खणखणीत, भुकेलेल्या मुलासारखं.

"अगं बाई, ओढायलंय!" शिवम्मा रडत हसत म्हणाली. "आत्या, बघ, दूध ओढायलंय!"

बाहेर अंधार पडला होता. शिवरुद्र भिंतीला धरून उठला आणि तसाच झोपायला गेला.

बाराव्या सकाळी ठसा त्याच जागी होता, उंबऱ्याला टेकून. पण आता गुडघे रानाकडं होते. नागूआत्यानं ते पाहिलं आणि उंबऱ्यावर पाणी घालून हात जोडले. "वळला," ती म्हणाली. "वळला गं वहिनी. आन् कोणाला नेलं न्हाई." तिनं गावात गूळ वाटला. शिवरुद्रच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. "तुझी रास खरी निघाली रे बाबा. लिहून घ्यायची गरज न्हवती."

बाळ दर दोन तासांनी दूध मागत होतं. गालांना रंग येत होता.

तेराव्या सकाळी ठसा रांजणाशेजारी. सटवाजीनं काठी टाकली, "लाभ," म्हणाला, आणि मग ठशाजवळ उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला.

"मालक, हे बारीक झालंय."

"काय?"

"ठसा. थोरलं मालक थोराड अंगाचं. आधीची बैठक बघा की, केवढी रुंद हुती. ही कोणातरी सडपातळ माणसाची हाय."

शिवरुद्र ओट्यावरून उतरला. या खेपेला त्याचे पाय अडले नाहीत. जवळ जाऊन त्यानं पाहिलं, मग आणखी काही न मोजता तो त्या ठशात बसला. डावा गुडघा डाव्या खळग्यात गेला, उजवा उजव्यात. पोटऱ्यांची फुली जिथं हवी तिथं लागली. कुठं बोटभर जागा उरली नाही, कुठं अडलं नाही. शिवणाऱ्यानं माप घेऊन बेतलेल्या अंगरख्यासारखा तो ठसा त्याला बसला.

सटवाजी हळूच मागं सरकला. "मालक, उठा तिथनं."

तिथून रान सरळ दिसत होतं. वही न उघडताही पुढचे आकडे त्याला ठाऊक होते. कमानीची एक बाजू कळली की दुसरी वेगळी मोजावी लागत नाही. उद्या तीन काठ्या, परवा सहा, मग दहा. बाविसाव्या दिवशी उगवतीला पंचावन्न, लिंबाखाली. आज तेरावा.

"घरात काही बोलू नकोस," तो सटवाजीला म्हणाला.

दारातून शिवम्मानं हाक मारली. खांद्यावर बाळ होतं, कापसाविना, नुसत्या दुपट्यात. "अण्णा, उन्हात काय बसलायस? ये की, बाळ बघ कसं टकामका बघायलंय तुझ्याकडं."

"आलो," शिवरुद्र म्हणाला.

उठायला त्याला बराच वेळ लागला.